विंडोज मराठीत कसं करायचं? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांत आंब्याच्या पेट्यांची बिलं करणारे बागायतदार आहेत, न्याहारी-निवास चालवणाऱ्या ताई आहेत, सेवा केंद्रांत बसणारी मुलं आहेत, शाळांतले शिक्षक आहेत आणि गणपतीला आल्यावर जुना लॅपटॉप गावी ठेवून जाणारे चाकरमानीही आहेत. बहुतेकांकडे विंडोजच असतं, म्हणून भर त्यावर आहे. मराठी होत नाही म्हणून अडलेल्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड क्वचितच असतो. विंडोजची एडिशन (म्हणजे होम, प्रो असा प्रकार) कोणती, यावरच बहुतेक वेळा गाडी अडते. म्हणून आधी प्रश्न २ आणि ३ वाचा, मग तुमच्या अडचणीकडे वळा.

१. विंडोज मराठीत मिळतं का? त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात का?

मिळतं. विंडोज १० आणि ११ या दोन्हींसाठी मायक्रोसॉफ्ट मराठी भाषा पॅक (पडद्यावरचे शब्द मराठीत करणारी जोड) देतं आणि तो फुकट आहे. स्टार्ट मेनू, सेटिंग्ज, फोल्डरची नावं, पुष्कळसे संदेश मराठीत येतात. सगळं मात्र येत नाही, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे. होम, प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइज या चारही एडिशनवर मराठी चालते. अपवाद ‘होम सिंगल लँग्वेज’ या एकाच एडिशनचा आहे, आणि दुर्दैवाने आपल्याकडच्या घरांत तीच सर्वांत जास्त दिसते.

२. माझ्याकडे कोणती एडिशन आहे, हे कसं ओळखायचं?

सेटिंग्ज उघडा, सिस्टममध्ये जा आणि अगदी खाली अबाउट दाबा. ‘विंडोज स्पेसिफिकेशन्स’खाली पहिलीच ओळ एडिशनची असते. तिथे नुसतं ‘विंडोज ११ होम’ आहे की पुढे ‘सिंगल लँग्वेज’ हे दोन शब्दही आहेत, ते नीट बघा. पुष्कळ जण ‘होम’पर्यंत वाचतात आणि थांबतात. ओळ शेवटपर्यंत वाचा.

१० आणि ११ हे व्हर्जन झालं, होम आणि प्रो ही एडिशन झाली. फोनवर मदत मागताना दोन्ही सांगा. ‘माझ्याकडे अकरा आहे’ एवढ्यावरून भाषेबद्दल काहीच सांगता येत नाही.

३. ‘सिंगल लँग्वेज’ म्हणजे नेमकं काय? माझ्या लॅपटॉपला काही कमी दिलंय का?

बाकी सगळ्या बाबतींत ती होमसारखीच आहे. वेग तोच, सुरक्षा तीच, अपडेट तेच. फरक परवान्यात आहे: पडद्यावरची भाषा एकच, आणि ती लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला तेव्हाच पक्की होते. आपल्याकडे ती जवळपास नेहमी इंग्रजी असते. नंतर मराठी जोडायला गेलात, की तुमच्या परवान्यात एकच दर्शनी भाषा बसते, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. हा बिघाड नाही. फॉरमॅट मारून, अँटिव्हायरस काढून किंवा दहा वेळा रीस्टार्ट करून तो जाणार नाही.

ही एडिशन २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. त्याच वेळी साध्या होम दर्जाच्या विंडोजला अनेक भाषांची मुभा पहिल्यांदा मिळाली. त्याआधी पूर्ण भाषांतर झालेल्या भाषांसाठी ती फक्त महागड्या एडिशनना होती (प्रश्न १२). म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. सिंगल लँग्वेज दुकानात सुटी मिळत नाही, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याच ती भरून देतात, आणि भारतात घरगुती लॅपटॉपवर बहुधा तीच असते. घरात तीन भाषा सहज बोलल्या जातात त्या देशात एकाच भाषेचा परवाना विकावा, हे मला पटत नाही. पण घेणाऱ्याला ते आधी कळलं तर निदान त्याला निवड करता येते. म्हणून प्रश्न ९ घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

४. माझ्याकडे सिंगल लँग्वेज निघाली. म्हणजे मला मराठीत टाइपसुद्धा करता येणार नाही का?

येणार, अगदी पूर्णपणे येणार. बंदी फक्त पडद्यावरच्या भाषेवर आहे. मराठी लिहिणं, वाचणं, छापणं, फाइलला मराठी नाव देणं, मराठीतून मेल पाठवणं हे सगळं सिंगल लँग्वेजवरही होतं. ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी जोडा, भाषा पॅक मिळाला नाही तरी कीबोर्ड मिळतो.

कीबोर्ड दोन प्रकारचे आहेत. नुसतं ‘मराठी’ असं नाव असलेला इनस्क्रिप्ट (त्यात प्रत्येक बटणाला देवनागरी अक्षर ठरलेलं असतं), आणि ‘मराठी फोनेटिक’. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत उच्चार लिहिला, की देवनागरी शब्द समोर येतो. २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून हा फोनेटिक आत बसलेला आहे, बाहेरून काही उतरवावं लागत नाही. कीबोर्ड बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा. बिलं आणि पत्रं करायची असतील तर बहुतेकांचं काम इथेच भागतं आणि पुढचे निम्मे प्रश्न त्यांना लागतच नाहीत.

५. फोन एका मिनिटात मराठी होतो. मग लॅपटॉपला एवढे नखरे का?

अँड्रॉइडमध्ये भाषेवरून एडिशन पाडलेल्या नाहीत. २०१४च्या अँड्रॉइड ५पासून त्यात मराठी आहे, आणि स्वस्त-महाग कोणत्याही फोनवर ती निवडता येते. विंडोजमध्ये भाषा ही परवान्याची बाब आहे. तंत्रज्ञान दोन्हीकडे पुरेसं आहे.

६. माझ्याकडे साधी होम आहे. मराठी करायची पद्धत एकदा नीट सांगा ना, ताई.

सेटिंग्ज, मग ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’. विंडोज १०मध्ये शेवटच्या जागी नुसतं ‘लँग्वेज’ असतं. ‘अॅड अ लँग्वेज’ दाबलं की भाषांची लांबलचक यादी येते. प्रत्येक भाषा तिच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे ‘मराठी’ लगेच डोळ्यांत भरते. ती निवडून नेक्स्ट करा.

आता जो पडदा येतो तिथे घाई करू नका. खुणा करायच्या दोन चौकटी महत्त्वाच्या आहेत. एक ‘लँग्वेज पॅक’ची आणि दुसरी ही भाषा विंडोजची दर्शनी भाषा करायची का, अशी. दोन्हींवर खूण हवी. पुष्कळ जण पहिलीवर खूण ठेवतात आणि दुसरी सोडून देतात. मग पॅक उतरतो, कीबोर्ड येतो, पण पडदा इंग्रजीच राहतो. लँग्वेज पॅकची चौकट दिसतच नसेल, तर प्रश्न २ प्रमाणे एडिशन तपासा.

पॅक उतरला की साइन आउट करायला सांगितलं जाईल. उघड्या फाइल सेव्ह करा, साइन आउट करा आणि परत आत या. इंग्रजी भाषा यादीतून काढू नका, ती का लागते ते प्रश्न ८ मध्ये आहे.

७. डाउनलोड अर्ध्यावर अडकतं. आमच्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉटच आहे, आणि पावसात लाइटही जाते.

हॉटस्पॉटचं कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायचं) म्हणून नोंदलेलं असेल, तर विंडोज मोठी डाउनलोड रोखून धरतं. वायफायच्या नावावर जाऊन प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ तेवढ्यापुरतं बंद करा आणि काम झालं की परत चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा बाकीची अपडेट खाऊन टाकतील. मराठी पॅक मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या वाटेने येतो. कुणी ‘लॅपटॉप हलका करतो’ म्हणून स्टोअर किंवा विंडोज अपडेट बंद करून ठेवलं असेल, तर पॅक येणारच नाही.

लाइट गेल्याने तुटलेलं डाउनलोड पुन्हा सुरू करायला मराठी यादीतून काढा, रीस्टार्ट करा आणि नव्याने जोडा. कमी साठवणीच्या स्वस्त लॅपटॉपवर आधी जागा मोकळी करा.

८. मराठी केलं, पण अर्धं इंग्रजीच दिसतं. काही चुकलं का?

काही चुकलं नाही. विंडोजकडे भाषांच्या दोन पंगती आहेत. पहिल्या पंगतीत ३८ पूर्ण भाषा. त्यांत विंडोज सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या भाषेत असतं, आणि विंडोज भरायची फाइलसुद्धा त्या भाषेत मिळते. दुसऱ्या पंगतीत आहेत अंशतः भाषांतर झालेल्या भाषा. मराठी या दुसऱ्या पंगतीत आहे आणि हिंदीही तिथेच आहे. पहिल्या पंगतीत एकही भारतीय भाषा नाही. कोट्यवधी माणसं रोज वापरतात त्या भाषांना तिथे जागा नसावी, हे मला फार लागतं.

अंशतः म्हणजे मराठीचा थर इंग्रजीवर बसतो, जांभ्याच्या जोत्यावर भिंत बांधावी तसा. जिथे मराठी वाक्य तयार नाही तिथे खालचं इंग्रजी दिसतं. स्टार्ट मेनू, सेटिंग्ज, फाइल एक्सप्लोरर या रोजच्या वाटा बऱ्यापैकी मराठीत असतात. आत खोलवरची जुनी कंट्रोल पॅनेलं, दुरुस्तीचे पडदे, कमांडच्या खिडक्या इंग्रजीत राहतात. इंग्रजी काढून टाकली तर हे जोतंच जाईल, म्हणून ती यादीत राहू द्या.

मोठ्या अपडेटनंतर आधी मराठीत असलेलं काही अचानक इंग्रजीत दिसलं, तर स्टोअर उघडून सगळी अपडेट तपासा. भाषांतराचे तुकडे तिथूनच ताजे होतात.

९. मुलीला बारावीनंतर लॅपटॉप घ्यायचाय. दुकानात काय विचारू?

दुकानदाराला एकच विचारा: ‘होम आहे की होम सिंगल लँग्वेज?’ उत्तर तोंडी घेऊ नका. खोक्यावरच्या स्टिकरवर बघा, कधी ते ‘होम एसएल’ असंही छापलेलं असतं. ऑनलाइन घेत असाल तर ‘ऑपरेटिंग सिस्टम’ची ओळ पूर्ण उघडून वाचा, कारण जाहिरातीत नुसतं ‘विंडोज ११ होम’ लिहितात आणि खाली तपशिलात पूर्ण नाव असतं.

मराठी पडदा हवाच असेल तर होम पुरते. भाषेसाठी म्हणून प्रोचे जास्त पैसे देऊ नका, दोन्हींत भाषेची मुभा सारखीच आहे. तुमच्या बजेटमध्ये सगळीकडे सिंगल लँग्वेजच मिळत असेल, आणि ते शक्य आहे, तर चांगला स्क्रीन आणि जास्त रॅम बघून घ्या आणि प्रश्न ४ व २१ वाचा. मुलीचं शिक्षण त्यावाचून अडत नाही.

१०. सिंगल लँग्वेजची होम किंवा प्रो करता येते का? ऑनलाइन काहीशे रुपयांत प्रोची ‘की’ (परवान्याचा कोड) मिळते म्हणतात.

मायक्रोसॉफ्टने सांगितलेला रस्ता प्रोचा आहे. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन या ठिकाणी एडिशन वाढवायचा पर्याय असतो. स्टोअरमधून प्रो विकत घेतलं की फाइल आणि प्रोग्राम जागेवर राहून एडिशन बदलते, फॉरमॅट लागत नाही. मग प्रश्न ६ प्रमाणे मराठी जोडा.

काहीशे रुपयांच्या अशा ‘की’ घेऊ नका. त्या बहुधा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. पैसे परत मागायला विकणारा तिथे नसतो. आणि खरं सांगायचं तर नुसत्या मराठी पडद्यासाठी घरच्या एका लॅपटॉपवर प्रोचा खर्च करावा, असं मी सहसा सांगत नाही. बचत गटाचा किंवा वाचनालयाचा कॉम्प्युटर असेल, चार इंग्रजी न वाचणारी माणसं त्यावर बसत असतील, तर मात्र करा.

११. बाजारात एक जण ‘मराठी विंडोज’ टाकून देतो. टाकून घेऊ का?

‘मराठी विंडोज’ असा वेगळा माल अस्तित्वात नाही. प्रश्न ८ मध्ये सांगितलं तसं, विंडोज भरायची फाइल मराठीत निघतच नाही. तो आधी इंग्रजी विंडोज टाकणार आणि वर फुकटचा पॅक चढवणार. त्याच्या मेहनतीचे पैसे द्यायला हरकत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण तुमचं परवान्याचं विंडोज पुसून चोरीची प्रो टाकत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आधी विचारा: ‘माझाच परवाना राहणार ना?’

१२. जुना विंडोज ७चा कॉम्प्युटर आहे. त्यावर मराठी होतं असं आठवतं.

होत होतं. त्या काळी नियम असा होता: पूर्ण भाषा हव्या तर अल्टिमेट किंवा एंटरप्राइज एडिशन लागायची. मात्र मराठीसारख्या अंशतः भाषांचा छोटा पॅक बाकीच्या एडिशनवरही फुकट चढायचा. त्याआधी विंडोज एक्सपीत पूर्ण बहुभाषिक सोय प्रोफेशनललाच होती.

आज त्यासाठी धडपडू नका. विंडोज ७ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि त्याचे जुने पॅक कुठल्याही साइटवरून उतरवणं धोक्याचं आहे. विंडोज १०चीही नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तसा कॉम्प्युटर बँकेच्या कामासाठी वापरत असाल तर आधी ११चा विचार करा, मशीनला ११ झेपत नसेल तर प्रश्न २१ बघा.

१३. मुंबईच्या ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गावी काम करतोय. एंटरप्राइज आहे, तरी मराठी जोडता येत नाही.

परवाना आड येत नाही, ऑफिसचं धोरण आड येतं. कंपन्या भाषा पॅक उतरवणं केंद्रातून रोखू शकतात. तुमच्या आयटी विभागालाच विचारा. स्वतः खटपट करून धोरण वळवायला जाऊ नका, नोकरी तुमची आहे.

१४. एकाच कॉम्प्युटरवर आईला मराठी आणि मला इंग्रजी, असं होईल का?

होईल, आणि मला ही सोय फार आवडते. दोघांची वेगळी खाती उघडा. दर्शनी भाषा खात्यानुसार ठरते, म्हणून आईच्या खात्यात शिरून प्रश्न ६ प्रमाणे मराठी निवडा आणि तुमच्या खात्यात काहीच बदलू नका.

पासवर्ड टाकायचा पडदा मात्र दोघांचा सामाईक असतो आणि तो इंग्रजीच राहतो. तोही मराठी हवा असेल तर ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ उघडून ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा. तिथे स्वागताच्या पडद्यासाठी आणि पुढे उघडल्या जाणाऱ्या नव्या खात्यांसाठी अशा दोन चौकटी असतात. पासवर्ड इंग्रजीत असेल तर त्या पडद्यावर कीबोर्ड कोणता चालू आहे ते कोपऱ्यात बघूनच टाइप करा. ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ फोनमागे मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो.

१५. मिस्टर मस्कतहून लॅपटॉप घेऊन आलेत. सगळं अरबीत आणि उलट्या बाजूने आहे. काहीच वाचता येत नाही.

घाबरू नका. विंडोजचं बटण धरून आय दाबा, सेटिंग्ज उघडेल. आता वाचायचं नाही, चित्रं बघायची. घड्याळ आणि पृथ्वीचा गोल असलेलं चित्र म्हणजे वेळ आणि भाषा. त्यात भाषेच्या पानावर जा. भाषांची यादी उघडली की इंग्रजी ‘इंग्लिश’ अशी स्वतःच्या लिपीतच दिसेल. ती निवडा, उतरवा, साइन आउट करा. पडदा आपोआप डावीकडून सुरू होईल. नंतर मराठी जोडा.

एडिशन सिंगल लँग्वेज निघाली तर तिची एकच भाषा अरबी आहे आणि वरचा रस्ता बंद होतो. मग प्रश्न १० कडे जा. परदेशातून लॅपटॉप मागवणाऱ्या घरांनी हे आधीच कळवून ठेवावं, आखातातून येणारे लॅपटॉप आपल्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत.

१६. मराठी केल्यावर ‘डॉक्युमेंट्स’चं नाव बदललं. हिशेबाच्या प्रोग्रामचा बॅकअप सापडेल ना?

सापडेल. बदलतं ते फक्त दिसणारं नाव. डिस्कवर फोल्डरचं खरं नाव इंग्रजीच राहतं, आणि प्रोग्राम खऱ्या नावाने शोधतो.

धोका दुसरीकडे आहे. नवा लॅपटॉप सुरू करताना खात्याला देवनागरीत नाव दिलंत, तर काही वेळा तुमच्या मुख्य फोल्डरचं खरं नावही देवनागरीत तयार होतं. जुने हिशेबाचे, छपाईचे किंवा बारकोडचे प्रोग्राम अशा वाटेवर अडखळतात. फाइल उघडत नाही आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून खातं उघडताना रोमन अक्षरांत छोटं नाव द्या. पडद्यावर दिसणारं नाव नंतर देवनागरीत करता येतं, फोल्डर मात्र तोच राहतो.

१७. मराठी केल्यावर आकडे १२३ असे होतील का? आणि तारखा उलट्या का छापल्या जातात?

आकडे आणि तारखा दर्शनी भाषेवर अवलंबून नाहीत, ‘रीजनल फॉरमॅट’वर आहेत. देवनागरी आकडे हवे असतील तर रीजनच्या ‘ॲडिशनल सेटिंग्ज’मध्ये नंबर्सच्या पानावर स्थानिक अंक वापरायचा पर्याय आहे. बिलं करणाऱ्यांनी तो बंद ठेवावा, पुष्कळ प्रोग्राम ते अंक बेरजेला घेत नाहीत.

तारखेची चूक मात्र गंभीर आहे. फॉरमॅट अमेरिकेचा असेल तर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल न होता चार मे होतो. ऐन आंब्याच्या मोसमात पेट्यांच्या बिलावर ही चूक पडली तर व्यापाऱ्याशी हिशेब लागत नाही. फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘मराठी (इंडिया)’ ठेवा. लाख-कोटीचे स्वल्पविरामही मग बरोबर पडतात. हे सिंगल लँग्वेजवरही करता येतं.

१८. विंडोज मराठी झालं, पण वर्ड आणि क्रोम इंग्रजीच आहेत.

त्यांची भाषा वेगळी ठरते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये लँग्वेजेसच्या पानावर मराठी जोडून क्रोम त्या भाषेत दाखवायला सांगा. वर्ड-एक्सेलसाठी फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज या ठिकाणी मराठी जोडा, तिचाही पॅक फुकट आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे या दोघांना विंडोजच्या एडिशनचं बंधन नाही. सिंगल लँग्वेजवर निदान ब्राउझर आणि वर्ड तरी मराठीत आणता येतात, आणि दिवसाचं बरंचसं काम तिथेच होतं.

१९. मराठी जोडल्यावरही जुनी फाइल कचऱ्यासारखी दिसते. मंगल फॉन्टही गायब झालाय.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल आतून रोमन अक्षरांची असते. तिला तोच फॉन्ट लागतो किंवा ती युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत) बदलून घ्यावी लागते. पडद्याची भाषा बदलून तिच्यावर काहीच परिणाम होत नाही.

मंगलचं उत्तर सोपं आहे. विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या जोड सुविधेत हलवले. मराठी किंवा हिंदी जोडली की ते सहसा आपोआप येतात. आले नाहीत तर सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून जोडा. मंगल नसताना विंडोज निर्मला फॉन्टमध्ये मजकूर दाखवतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या जुन्या पत्रांची पानं वर-खाली सरकतात. एडिशन कोणतीही असो, हे चालतं.

२०. कोकणीत करता येतं का? आणि मालवणीत?

कोकणी विंडोजच्या यादीत आहे, देवनागरीत, आणि मराठीसारखीच अंशतः भाषांतर झालेली. सावंतवाडी-बांद्याकडून आणि गोव्याला लागून असलेल्या गावांतून हा प्रश्न येतो. नियम तेच: सिंगल लँग्वेजवर नाही, होमपासून पुढे आहे, खाली इंग्रजी हवीच.

मालवणी वेगळी भाषा म्हणून यादीत नाही. पण मराठी कीबोर्डवर ती बिनदिक्कत लिहा. लाल रेघा त्रास देत असतील तर त्या फाइलपुरती स्पेलिंग तपासणी बंद करा. ‘खंय’ आणि ‘इलंय’ लिहिताना कॉम्प्युटरला विचारायची गरज नाही.

२१. पैसे घालायचे नाहीत आणि एडिशनची कटकटही नको. दुसरा काही मार्ग?

लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम. उबंटूसारख्या लिनक्समध्ये भाषेवरून एडिशन पाडलेल्या नाहीत. मराठीचे पॅक फुकट उतरतात, पाहिजे तेवढ्या भाषा ठेवा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं बॉस लिनक्स तर भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवूनच केलेलं आहे. सोबत वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिबर ऑफिसही मराठी पडद्यासह मिळतं. मराठी भाषांतर इथेही सगळीकडे पुरं नाही, पण जिथे अपुरं आहे तिथे कुणीही हातभार लावू शकतो. तरुण मुलांनी हे काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, विंडोज पुसू नका. प्रिंटर चालतो का, तुमचा हिशेबाचा प्रोग्राम लिनक्सवर मिळतो का, सेवा केंद्राचं काम असेल तर अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीची चावी ओळखली जाते का, हे तपासा. यातलं एखादं अडलं तर विंडोजच ठेवा. नुसता अभ्यास, पत्रं आणि इंटरनेट असेल तर जुन्या विंडोज ७च्या मशीनला यात नवं आयुष्य मिळतं.

२२. आजोबांना अक्षरं दिसत नाहीत. सिंगल लँग्वेजचा लॅपटॉप मराठीत बोलेल का?

बोलेल. एनव्हीडीए नावाचं वाचक सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजांत मराठी आहे. ते विंडोजचा परवाना बघत नाही, त्यामुळे एडिशनची अट नाही. आवाज यंत्रासारखा वाटतो, कानाला सवय व्हायला थोडे दिवस द्या. सुरुवातीला वेग अगदी कमी ठेवा.

थोडं दिसत असेल तर आधी विंडोजचं बटण आणि अधिकाचं चिन्ह दाबून भिंग उघडा, आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये मजकुराचा आकार वाढवा. मराठीला काना-मात्रा-वेलांट्या असल्याने इंग्रजीला पुरतो त्यापेक्षा मोठा आकार लागतो. तो आजोबांना शेजारी बसवून, त्यांना विचारत विचारतच ठरवा.